घरातला उजेड मोजून कसा बसवायचा: लक्स आधी, वॅट सगळ्यात शेवटी

इलेक्ट्रिकच्या दुकानात दहा मिनिटं उभं राहून ऐका. "नऊचा नको, बाराचा द्या, खोली मोठी आहे." दुकानदार बाराचा काढून देतो. घरी लावला की खोली उजळते, पण मुलगी लिहायला बसली की वहीवर तिच्याच डोक्याची सावली पडते. मग पंधराचा बल्ब येतो, मग दुसरी ट्यूब. वॅट वाढत जातात आणि वही आहे तिथेच, अंधारात.

गोंधळ होतो तो क्रमामुळे. लोक वॅटपासून सुरुवात करतात, कारण बल्बच्या खोक्यावर तोच आकडा मोठ्या अक्षरात असतो. खरं तर सुरुवात करायची वहीपासून. तिथे किती लक्स हवेत ते आधी ठरवायचं, त्यावरून ल्युमेन काढायचे, मग बल्ब कुठे बसवायचा ते बघायचं आणि वॅटकडे सगळ्यात शेवटी वळायचं. पुढचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. मधला टप्पा गाळलात तर पुढचा आकडा चुकतो, त्यामुळे घाई असली तरी क्रम सोडू नका.

## आधी चार एककं, एकदाच नीट

वॅट म्हणजे बल्ब किती वीज खातो. याचा संबंध बिलाशी. उजेडाबद्दल तो जवळजवळ काहीच सांगत नाही.

ल्युमेन म्हणजे बल्बमधून सगळ्या दिशांना मिळून डोळ्यांना दिसणारा एकूण किती उजेड बाहेर पडतो.

लक्स म्हणजे एखाद्या पृष्ठभागावर पोचलेला उजेड. एका चौरस मीटरवर एक ल्युमेन सारखा पसरला की १ लक्स.

कॅन्डेला म्हणजे एका ठरावीक दिशेला जाणाऱ्या उजेडाची तीव्रता.

अंगणात सडा घालताना बादलीत पाणी किती आहे ते ल्युमेन, अंगणाच्या एका हातभर तुकड्यावर किती पडलं ते लक्स, आणि एका बाजूला किती जोराने भिरकावलं ते कॅन्डेला. बादली तीच असली तरी अंगण दुप्पट झालं की प्रत्येक तुकड्याच्या वाट्याला निम्मं येतं.

एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे: ६८३. कॅन्डेलाच्या व्याख्येत ५४० लाख कोटी हर्ट्झ वारंवारतेच्या हिरव्या प्रकाशासाठी एका वॅटला ६८३ ल्युमेन असं प्रमाण ठरवून दिलेलं आहे, आणि आपला डोळा उजेडात त्याच हिरव्या रंगाला सगळ्यात जास्त दाद देतो. म्हणजे कोणताही दिवा एका वॅटमधून याहून जास्त ल्युमेन देऊच शकत नाही. पांढऱ्या उजेडाची मर्यादा याहून बरीच खाली असते. घरगुती एलईडी बल्ब साधारण ९० ते १२० ल्युमेन प्रति वॅटच्या घरात असतात. ऑनलाइन जाहिरातीत एखादा बल्ब वॅटला ३०० ल्युमेन देतो म्हणाला, तर पुढे वाचायची गरज नाही.

## टप्पा १: काम कुठे चालतं ते शोधा

खोली विसरा, आधी कामाची जागा शोधा. अभ्यासाचं टेबल, ओटा, शिवणयंत्राच्या सुईखालची वीतभर जागा, आरसा, जिन्याची पायरी. एका कागदावर खोलीचा ओबडधोबड नकाशा काढा आणि या जागांवर फुल्या मारा. प्रत्येक फुलीसमोर दोन गोष्टी लिहा.

१. ती जागा जमिनीपासून किती उंच आहे. टेबल साधारण ७५ सेंटिमीटर, ओटा ८५ च्या आसपास. मुलं सतरंजीवर बसून अभ्यास करत असतील तर उंची शून्य, आणि हे हमखास विसरलं जातं. बल्ब जमिनीपासून २.४ मीटरवर असेल, तर टेबलावर जेवढा थेट उजेड पडतो त्याच्या निम्म्याहून कमी जमिनीवर पोचतो.

२. माणूस कोणत्या दिशेला तोंड करून बसतो किंवा उभा राहतो. आपल्याकडे ट्यूब बहुतेक वेळा एका भिंतीवर, दरवाजाच्या उंचीच्या जरा वर असते आणि टेबल समोरच्या भिंतीला लावलेलं असतं. म्हणजे ट्यूब कायम पाठीमागे.

तपासा: कामाच्या जागेवर पांढरा कागद ठेवा, नेहमीसारखे बसा आणि कागदाच्या मधोमध पेन उभं धरा. पेनची सावली हाताखाली, स्वतःच्या अंगाकडे पडत असेल तर ठीक. ती समोर पडत असेल किंवा सगळा कागदच अंगाच्या सावलीत असेल, तर या खोलीचं दुखणं ल्युमेन वाढवून जाणार नाही. टप्पा ५ कडे खास लक्ष द्या.

## टप्पा २: आत्ता किती लक्स आहेत ते मोजा

"डोळ्यांना दिसतंच की" हे इथे चालत नाही. डोळा फार लवकर जुळवून घेतो. भर दुपारच्या उन्हात एक लाखाच्या आसपास लक्स असतात, रात्री दिव्याखाली शंभर-दोनशे, आणि पौर्णिमेच्या चांदण्यात पाव लक्सच्या आसपास. या तिन्ही ठिकाणी आपण वावरतो. ३०० लक्सचे १५० झाले तर पाच मिनिटांनी फरक जाणवतही नाही. जाणवतं ते तासाभराने दुखणारं कपाळ.

साधा लक्समीटर हजार-दोन हजार रुपयांत मिळतो. पांढरी अर्धगोल टोपी असलेला सेन्सर आणि आकड्यांची पट्टी, एवढंच ते यंत्र. सोसायटीत चार घरांनी मिळून एक घेतला तरी पुरतो.

मोबाइलचं अ‍ॅप चालेल का? तुलनेपुरतं चालेल. अँड्रॉइड फोनमध्ये हा सेन्सर पडद्याच्या वर, कानाला लावायच्या जाळीजवळ असतो. त्यामुळे फोन पडदा वर करून कामाच्या जागेवर सपाट ठेवायचा. आयफोनमध्ये अ‍ॅपना हा सेन्सर थेट वापरता येत नाही, ती कॅमेऱ्यावरून अंदाज बांधतात. दोन फोन शेजारी ठेवले तर आकड्यांत सहज फरक पडतो. म्हणून फोनवर "बल्ब बदलण्याआधी इतके, नंतर इतके" एवढंच वाचा. "बरोबर ३०० आले" यावर विसंबू नका.

मोजण्याचा क्रम असा:

१. रात्री मोजा. पडदे ओढा, टीव्ही बंद करा.

२. दिवे लावून पंधरा मिनिटं थांबा. एलईडी तापला की उजेड थोडा उतरतो, जुनी ट्यूब उलट हळूहळू चढते. स्विच दाबल्या दाबल्या घेतलेला आकडा कोणाच्याच कामाचा नसतो.

३. मीटरच्या सेन्सरवर झाकण ठेवून शून्य येतं का बघा.

४. सेन्सर कामाच्या पृष्ठभागावरच ठेवा. हातात धरून छातीच्या उंचीवर मोजलं की आकडा फुगतो.

५. मागे सरका. तुमची सावली सेन्सरवर नको, आणि अंगात पांढराशुभ्र शर्ट असेल तर त्यावरून परतणारा उजेडही नको.

६. टेबलावर चार कोपऱ्यांजवळ आणि मध्ये असे पाच आकडे घ्या. सरासरी काढा आणि सगळ्यात लहान आकडा वेगळा लिहा.

७. मग नेहमीसारखे बसा आणि वही असते तिथला आकडा पुन्हा घ्या. पहिला आकडा खोलीचा, हा तुमचा. दोन्हींत मोठी तफावत असेल तर सावली दोषी.

सावधान: बऱ्याच स्वस्त मीटरवर वरच्या पट्ट्यांमध्ये दिसणाऱ्या आकड्याला दहाने किंवा शंभराने गुणायचं असतं, बटणाशेजारी बारीक अक्षरात तसं छापलेलं असतं. घरातल्या मोजणीला २,००० ची पट्टी बस्स आहे.

दिवसाच मोजणं भाग असेल तर दिवा लावून एक आकडा घ्या, लगेच बंद करून दुसरा घ्या आणि वजाबाकी करा. आभाळात ढग येत-जात असतील तर हा उद्योग करू नका.

आरशासाठी सेन्सर आडवा ठेवून उपयोग नाही. दाढी करताना उजेड चेहऱ्यावर हवा असतो, म्हणून सेन्सर चेहऱ्याच्या जागी, आरशाकडे तोंड करून उभा धरा. आरशाच्या बरोबर वर छतात बसवलेला दिवा बेसिन झकास उजळतो आणि हनुवटी अंधारात ठेवतो, ते या आकड्यात लगेच दिसतं.

## टप्पा ३: किती लक्स हवेत ते ठरवा

भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेतले घरासाठीचे आकडे धरून चाललात तर फसत नाही:

- जिना, बाथरूम: १००
- स्वयंपाकघर: २००
- सहज वाचन, पेपर चाळणं: १५०
- गृहपाठ आणि सलग वाचन: ३००
- शिवण, रफू: ७००

बसायच्या खोलीत एकूण वावरासाठी १०० पुष्कळ झाले. ओट्यावर मी स्वतः ३०० धरतो, कारण तिथे सुरी चालते, आणि पालेभाजीतली अळी २०० लक्सात दिसेलच असं नाही.

घरात साठी ओलांडलेलं कोणी वाचत असेल तर हे आकडे दीडपट ते दुप्पट करा. वयानुसार डोळ्याची बाहुली लहान राहते आणि आतलं भिंग पिवळसर होत जातं, त्यामुळे तोच उजेड आत कमी पोचतो. "आजोबांना उगाच मोठा दिवा लागतो" अशी कुरकुर घरोघरी चालते. त्यांना तो खरंच लागतो.

सावधान: टेबलावर ३०० आणि बाकी खोलीत काळोख, हेही चुकीचंच. मान वर केली की दर वेळी डोळ्याला जुळवून घ्यावं लागतं. टेबलाच्या साधारण एक तृतीयांश उजेड आजूबाजूला असू द्या. टेबलावर ३०० तर खोलीत १००.

## टप्पा ४: लक्सवरून ल्युमेन काढा

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून उदाहरणासकट घेऊ. खोली आपली नेहमीची, १० बाय १२.

१. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये काढा. १० × १२ = १२० चौरस फूट. भागिले १०.७६. आलं सुमारे ११.१५ चौरस मीटर.

२. हवे असलेले लक्स गुणा. १०० × ११.१५ = १,११५ ल्युमेन. एवढे कामाच्या पातळीवर पोचायला हवेत.

३. बल्बमधून निघालेले सगळे ल्युमेन खाली पोचत नाहीत. काही छताकडे जातात, काही भिंत गिळते, काही कपाटामागे हरवतात. पांढरं छत आणि फिक्या भिंती असतील तर निम्मे पोचतात असं धरा, म्हणजे ०.५. गडद भिंती किंवा लाकडी पॅनेल असेल तर ०.४. पत्र्याच्या किंवा कौलारू घरात उघडा बल्ब टांगला असेल तर ०.३ धरा, कारण वर गेलेला उजेड कौलांतून परतत नाही. अशा घरात बल्बवर साधी पांढरी थाळीसारखी शेड बसवली तर दुसऱ्या बल्बची गरज बऱ्याचदा मिटते.

४. धूळ आणि वय यांसाठी ०.८ धरा. स्वयंपाकघरात फोडणीचा थर बसतो, तिथे ०.७.

५. भागा. १,११५ ÷ (०.५ × ०.८) = १,११५ ÷ ०.४ = सुमारे २,८०० ल्युमेन.

एवढे ल्युमेन विकत आणायचे. २,००० ल्युमेनची एक एलईडी ट्यूब आणि ९०० ल्युमेनचा एक बल्ब घेतला की झालं.

पांढऱ्या छताच्या साध्या खोलीसाठी एक झटपट सूत्र: चौरस फूट × लक्स ÷ ४.३. १२० × १०० ÷ ४.३ = सुमारे २,८००. तेच उत्तर.

नेहमीची चूक: चौरस फुटाने थेट गुणणं. १२० × १०० = १२,००० येतात आणि माणूस फॉल्स सीलिंगमध्ये डझनभर दिवे ठोकतो. लक्सची व्याख्या चौरस मीटरवर आहे. चौरस फुटावर एक ल्युमेन पडला तर त्या एककाला फूट-कॅन्डल म्हणतात, आणि तो १०.७६ लक्सइतका असतो. एखाद्या परदेशी तक्त्यात अभ्यासासाठी "३०" लिहिलेलं दिसलं तर ते फूट-कॅन्डल असणार, लक्स नव्हेत.

आता हीच खोली पूर्ण ३०० लक्सने उजळायची म्हटली तर सुमारे ८,४०० ल्युमेन लागतील. म्हणजे २० वॅटच्या चार ट्यूब, आणि तरीही थोडं कमीच. ८० वॅट जाळून कपाटाची वरची बाजू आणि पलंगाखालची ट्रंक उजळायची कशासाठी? खोलीला १०० द्या आणि वहीला वेगळा दिवा द्या. तो पुढच्या टप्प्यात.

## टप्पा ५: दिवा कुठे, किती अंतरावर

इथे ल्युमेन मागे पडतात आणि कॅन्डेला पुढे येतो. दिव्याच्या बरोबर खाली पडणारे लक्स काढायचे सूत्र सोपं आहे: कॅन्डेला भागिले अंतर, पुन्हा भागिले अंतर. अंतर मीटरमध्ये.

टेबललॅम्पच्या खोक्यावर कॅन्डेला क्वचितच असतो. उजेड फक्त खालच्या बाजूला पसरवणारा सपाट एलईडी लॅम्प असेल तर ल्युमेनला ३.१४ ने भागा, बऱ्यापैकी जवळचं उत्तर येतं. ४०० ल्युमेनचा, म्हणजे साधारण ५ वॅटचा लॅम्प धरा. ४०० ÷ ३.१४ = १२७ कॅन्डेला.

- ४० सेंटिमीटरवर: १२७ ÷ ०.१६ = सुमारे ८०० लक्स
- ५० सेंटिमीटरवर: १२७ ÷ ०.२५ = सुमारे ५१० लक्स
- ७० सेंटिमीटरवर: १२७ ÷ ०.४९ = सुमारे २६० लक्स

लॅम्पची मान वीतभर वर केली आणि ५१० चे २६० झाले. नवा बल्ब आणायला निघण्याआधी ही मान वाकवून बघा, त्याला पैसे पडत नाहीत. पाच वॅटचा हा लॅम्प आणि टप्पा ४ मधली २० वॅटची ट्यूब व ९ वॅटचा बल्ब मिळून ३४ वॅट होतात. समोर ८० वॅटचा हिशोब होता.

कोनही मोजावा लागतो. उजेड कागदावर सरळ वरून पडण्याऐवजी ६० अंश तिरका आला, तर तेवढ्याच अंतरावर लक्स निम्मे होतात. लॅम्प टेबलाच्या पार कोपऱ्यात सरकवून ठेवला की अंतर वाढतं आणि कोनही तिरपा होतो. दुहेरी मार.

बसवण्याचा क्रम:

१. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला दिवा डाव्या बाजूने, जरा पुढून. डावखुऱ्याला उजवीकडून.

२. बसल्यावर बल्ब किंवा एलईडीची पट्टी थेट डोळ्यांत दिसता कामा नये. शेडची कड डोळ्यांच्या पातळीच्या खाली असू द्या.

३. वहीचं पान चमकत असेल तर दिवा बरोबर समोर आहे. तो बाजूला घ्या.

४. ओट्यासाठी वरच्या कपाटाच्या खाली, पुढच्या कडेला एलईडीची पट्टी लावा. मागे टाइल्सला चिकटवून लावली तर टाइल्स छान दिसतात आणि कोथिंबीर चिरायच्या जागी उजेड तिरका येतो. छताच्या मधोमध असलेला दिवा ओट्यासाठी नसल्यात जमा समजा. तिथे उभं राहणाऱ्या माणसाची पाठ त्याला अडवते.

अभ्यासिकांमध्ये लाकडी पार्टिशन घालून केबिन करतात तेव्हाही हेच होतं. छतावरच्या ट्यूबचे ल्युमेन आधीचेच राहतात, पण पार्टिशनच्या कडेची सावली नेमकी पुस्तकावर येते. केबिनमध्ये जागा घेणार असाल तर रात्री जाऊन फोनने आकडा घ्या आणि मग पैसे भरा.

सावधान: अंतराच्या वर्गाने भागण्याचं हे सूत्र दिवा अंतराच्या मानाने लहान असेल तेव्हाच चालतं. अंतर दिव्याच्या लांबीच्या पाचपट तरी हवं. चार फुटी ट्यूबला दोन मीटरवर हे सूत्र लावलं तर उत्तर अंदाजेच येईल. ट्यूबसाठी टप्पा ४ चा हिशोब आणि प्रत्यक्ष मोजणी बरी.

## टप्पा ६: आता खोकं वाचा

ल्युमेन ठरले, जागा ठरली. आता दुकानात जा, आणि वॅटवरून नजर हटवून हा क्रम धरा.

१. ल्युमेन. "एलएम" असं लिहिलेला आकडा. तो खोक्यावर नसेलच तर बल्ब परत ठेवा.

२. ल्युमेन भागिले वॅट. ९ वॅटचे दोन बल्ब घेतले, एक ८१० ल्युमेनचा आणि दुसरा ९९० चा, तर वीज दोघांनाही सारखीच लागते, पण दुसऱ्याचा उजेड पहिल्यापेक्षा एक पंचमांशाहून थोडा अधिकच जादा असतो. स्टार लेबलचे तारे याच गुणोत्तरावर ठरतात.

३. केल्विन. २,७०० ते ३,००० पिवळसर, ४,००० मधला, ६,५०० निळसर पांढरा. इथे बहुतेकजण फसतात. ६,५०० चा बल्ब "जास्त उजेडाचा" वाटतो, पण ल्युमेन सारखे असतील तर मीटरवर लक्स सारखेच येतात. केल्विन रंग सांगतो, उजेड किती ते सांगत नाही. रात्री निजण्याच्या खोलीत मी ३,००० च लावतो.

४. रंग किती खरे दिसतात तो आकडा. खोक्यावर "सीआरआय" किंवा "आरए" असं असतं. ८० च्या खाली घेऊ नका. साडीचा रंग दुकानात एक आणि घरी दुसरा दिसण्यामागे बऱ्याचदा हाच आकडा असतो.

५. वॅट. आता पाहा, कारण बिल येणारच आहे.

"जुन्या ६० वॅटच्या बल्बइतका" अशी तुलना खोक्यावर असेल तर ती बाजूला ठेवून ल्युमेन बघा. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब साधारण ७०० ल्युमेन द्यायचा. चोकवाली जाडी ४० वॅटची ट्यूब नवी असताना २,४०० च्या आसपास द्यायची. त्या जागी २० वॅटची, २,००० ल्युमेनची एलईडी ट्यूब लावल्यावर "उजेड कमी झाला" म्हणणारा माणूस अगदीच चुकत नाही. मात्र जुन्या ट्यूबचा बराच उजेड मागच्या भिंतीवर जायचा आणि नवीचा बहुतेक सगळा पुढे येतो, त्यामुळे टेबलावर मोजलं तर फरक आकड्यांत वाटतो त्याहून कमी निघतो, कधी उलटाही.

## टप्पा ७: बसवून पुन्हा मोजा

टप्पा २ मधल्याच जागा, तीच उंची, तोच मीटर किंवा तोच फोन. आकडे जुन्या आकड्यांशेजारी लिहा. नवा दिवा असताना आकडा ठरवलेल्या लक्सपेक्षा पाव पट जास्त यायला हवा, कारण आपण ०.८ आधीच धरले होते. ३०० हवे होते आणि पहिल्या दिवशी नेमके ३०० आले, तर वर्ष-दोन वर्षांत ते २४० होणार.

तपासा: टेबलावरचा सगळ्यात लहान आकडा सरासरीच्या ०.७ पट तरी असावा. सरासरी ३५० आणि एका कोपऱ्यात १५० असतील तर तो कोपरा वापरात आहे का बघा. वापरात असेल तर लॅम्प सरकवा.

वायरमन शिडी घेऊन निघून जाण्याआधीच हे मोजून घ्या. दिवा सहा इंच सरकवणं त्या दिवशी फुकट असतं, नंतर वेगळी खेप पडते.

एलईडी बल्ब सहसा एकदम जात नाही, मंदावत जातो. खोक्यावर २५,००० तास आयुष्य लिहिलेलं असतं ते बहुधा उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर येईपर्यंतचं. म्हणजे चालू असलेला बल्बही संपलेला असू शकतो. दिवाळीच्या साफसफाईत बल्ब आणि शेड ओल्या फडक्याने पुसा, अर्थात स्विच बंद करून आणि बल्ब गार झाल्यावर. मग वाळू द्या आणि पुन्हा आकडा घ्या. पुसूनही पहिल्या दिवशीच्या ७० टक्क्यांच्या खाली असेल तर बदला.

## हीच एककं इतर ठिकाणी

प्रोजेक्टर: ल्युमेनला पडद्याच्या क्षेत्रफळाने भागा. २,००० ल्युमेन, पडदा २ × १.५ मीटर, म्हणजे पडद्यावर सुमारे ६७० लक्स. हॉलमधले दिवे त्याच पडद्यावर ३०० लक्स टाकत असतील तर चित्र फिकं पडणारच. "आन्सी ल्युमेन" असं लिहिलेलाच आकडा धरा, नुसते भलेमोठे ल्युमेन नव्हेत.

मोबाइल, टीव्ही: तिथे निट हे एकक असतं, म्हणजे एका चौरस मीटरला किती कॅन्डेला. लक्सशी त्याची थेट तुलना करू नका.

रोपांसाठीचे दिवे: ल्युमेन आणि लक्स माणसाच्या डोळ्यावर बेतलेले आहेत. पानांना लाल-निळा भाग लागतो आणि तिथे हे आकडे दिशाभूल करतात. रोपांच्या दिव्यावर दर सेकंदाला चौरस मीटरवर किती मायक्रोमोल, हा आकडा शोधा.

हातातली बॅटरी: हिच्या खोक्यावर ल्युमेन, कॅन्डेला आणि मीटर असे तिन्ही आकडे असतात. झोत किती लांब जातो ते कॅन्डेलावर ठरतं, आणि "पल्ला" म्हणून छापलेला मीटरचा आकडा म्हणजे जिथे पाव लक्स, चांदण्याइतकाच उजेड उरतो ते अंतर. कॅन्डेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट केलं की तो मिळतो: १०,००० कॅन्डेलाला २०० मीटर. छापलेला पल्ला या हिशोबाशी जुळत नसेल तर बॅटरी ठेवून द्या. रात्रपाळीच्या विजेवर पिकाला पाणी द्यायला जाणाऱ्याला मात्र लांब पल्ल्याची बॅटरी पायाखाली दगा देते. झोत इतका अरुंद असतो की दोन पावलांवरच्या गवतातलं जनावर त्याच्या बाहेर राहतं. चालायला कमी कॅन्डेलाची, पसरट उजेडाची बॅटरी कपाळाला बांधा आणि लांबचं बघायला झोताची वेगळी हातात ठेवा.